नवशाच्या गाडीला तेल चढलं

दातिवऱ्यात परगावचा पाहुणा आला की त्याला आधी नाव विचारत नाहीत, होडी विचारतात. कुणाच्या होडीवर असता? एकदा होडी कळली की घर, भाऊबंद, अब्रू, सगळं आपोआप कळतं. नवशाला हा प्रश्न कुणी केला की तो खाली बघून म्हणायचा, "मी गाडीवर असतो." मग शेजारी बसलेलं कुणीतरी विचारणाऱ्याच्या कानाशी लागून सांगायचं, की याची आई याला दर्यावर सोडत नाही.

त्याच्या आईची, जमनाची, तीन पोरं पाळण्यातच गेली होती. मग केळव्याच्या शीतलादेवीला नवस बोलली आणि हा झाला, म्हणून नवशा. पोरगा सोळा वर्षांचा असताना बापाबरोबर रामाकाकाच्या होडीवर गेला. रामा म्हणजे बापाचा सख्खा थोरला भाऊ. त्या दिवशी भरदुपारी वारा फिरला, शीड उतरवता उतरवता बाप पाण्यात गेला आणि पुन्हा वर आला नाही. नवशा डोलकाठीला मिठी मारून राहिला होता. होडी किनाऱ्याला लागल्यावर त्याचे हात सोडवायला दोन बाप्ये लागले.

त्यानंतर तो गुडघ्याच्या वर पाण्यात कधी शिरला नाही. दर्या नुसता गाजायला लागला तरी तो रात्रभर उठून बसायचा. हे माहीत होतं फक्त जमनाला, आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. ती सगळ्या गावासमोर उभी राहिली नि म्हणाली, "पोर देवीचं हाय. मी त्याला दर्याला देनार नाय." झालं. गावानं सगळा दोष जमनाच्या पदरात घातला. पोराला पदराखाली कोंबणारी, तीन गिळून चौथ्यावर बसलेली, काय काय म्हणून नाही बोलले तिला. माणसं बोलायला लागली की त्यांच्या जिभेला हाड नसतंच. नवशा हे सगळं ऐकायचा आणि गप्प राहायचा. आई बोलणी खाते म्हणून आपली झाकली मूठ राहते, हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो ती मूठ उघडत नव्हता.

त्याला जमिनीवर तारलं ते मच्छीमार सोसायटीच्या पिकअपनं. लढाईच्या काळातली डॉज होती ती. पलटणीनं मोडीत काढलेली, सोसायटीनं पदरात घेतलेली. दरवाजा जाळ्याच्या दोरीनं बांधलेला, मागची फळी होडीच्या सुतारानं ठोकलेली. नवशा तिच्यातून बर्फातली पापलेटं सफाळे स्टेशनावर नेऊन मुंबईच्या गाडीत चढवायचा. पिकअप पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, चढ आला की म्हशीसारखी बसायची, पण नवशाच्या हाताखाली रडतखडत का होईना पोचायची. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मात्र ती वाटेत तापली ती तापलीच. इंजिनाच्या ब्लॉकला उभी चीर गेली.

सोसायटीचा चेअरमन रामाकाकाच होता. तो म्हणाला, "लोखंड विकून टाका. आधी बैलगाड्यांनी जात होता माल, तसा जाईल."

"काका, इंजिन बदलू," नवशा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सभेत बोलला असेल. "गाडी धड हाय. फक्त इंजिन गेलंय."

काकानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याच्या होडीवर एक माणूस कमी होता आणि भावाचा मुलगा हट्टाकट्टा असून टोपल्या वाहतो, हे त्याला सलत होतं. तो म्हणाला, "बदल. पन नारळी पुनवेच्या आत गाडी चालली पायजे. नाय चालली, तर पुनवेला तू माझ्या होडीवर. मग तुझ्या आयशीचं मी ऐकनार नाय."

नवशानं मान डोलावली. घरी येऊन त्यानं जमनाला सांगितलं तेव्हा ती मासे कापत होती. तिनं विळी बाजूला सारली आणि विचारलं, "आनि नाय चालली तर?"

"चालेल आये."

"नाय चालली तर जाशील?"

तो उठून गाडीकडे गेला. जमना पुन्हा मासे कापायला बसली, पण त्या दिवशी तिच्या हाताला दोनदा विळी लागली.

इंजिन मिळालं तारापूरला. तिथं अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, देशभरातली माणसं आणि यंत्रं येऊन पडली होती. एका ठेकेदाराचा ट्रक खड्ड्यात उलटून मोडला होता, पण त्याचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन शाबूत होतं. अगदी अलीकडचं, डॉजच्या मानानं कालचं पोर. ते नवशाला दाखवलं बन्सीनं. बन्सी परभणीकडचा, ठेकेदाराच्या वर्कशॉपात फिटर, बोईसरजवळच्या कुंभवलीत खोली घेऊन राहणारा. पालघरला एका गॅरेजात दोघांची ओळख झाली होती. बन्सी मासळीच्या वासानं नाक मुरडायचा, दातिवऱ्यात आला की आपली भाकरी नि ठेचा फडक्यात बांधून आणायचा, पण इंजिन दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. सुट्टीच्या दिवशी झोपा काढायच्या सोडून तो बोईसरहून गाडीनं सफाळ्याला उतरायचा आणि चिखल तुडवत यायचा.

ते इंजिन ताडपत्रीत गुंडाळून बैलगाडीतून गावात आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी हसून घेतलं. म्हाताऱ्या डॉजला जवान इंजिन, म्हणजे जरठाचं लग्नच म्हणायचं. पण बसवायला सगळे धावले. गावात वजन उचलायची यारी कुठली असायला? जुनं इंजिन बाहेर काढलं ते डोलकाठ्यांची तिकाटी उभी करून आणि शिडाची कप्पी लावून. दोर ओढणारे होडीवर ओढतात तसेच एका सुरात ओढत होते. नवं इंजिन आत उतरवताना बन्सीचा जीव टांगणीला लागला होता, पण त्या लोकांनी ते अंड्यासारखं अलगद ठेवलं.

खरी डोकेफोड त्यानंतरची. इंजिन गियरबॉक्सला जुळेना, म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट कापून घालावी लागली. इंजिनाचं बूड ज्यांवर टेकतं ते लोखंडी कान नवे करावे लागले. डिझेलचं वजन जास्त, गाडीचं तोंड खाली गेलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या कमानींत एकेक पाटा वाढवला. दर वेळी काहीतरी अडायचं, बन्सी बोईसरला निघून जायचा आणि नवशा आठवडाभर त्या उघड्या बॉनेटकडे बघत बसायचा. पाऊस ओसरत आला. किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्यांवरचे झाप उतरायला लागले. गाडी उभी होती त्या सोसायटीच्या शेडच्या अगदी समोर रामाकाकाची होडी होती. तिला रंग लागला, शीड शिवून झालं. नवशाला गाडीच्या काचेतून सारखी तीच दिसायची.

पुनव तोंडावर आली आणि त्या रविवारी बन्सी म्हणाला, "आज चालू करून बघू. घोडामैदान जवळच हाय."

त्यानं नवशाला सगळं पुन्हा एकदा समजावलं. "हे पेट्रोल न्हाई बाबा. चावी फिरवून बंद व्हत न्हाई. ही तार वढायची, म्हंजे डिझेल तुटतं, मग थांबतं." मग त्यानं इंजिनाच्या बाजूला बसवलेला पत्र्याचा डबा उघडून दाखवला. इंजिन हवा ओढतं ती या डब्यातून. डब्याच्या तळाला थोडं तेल असतं, हवेतली धूळ त्या तेलात बसते नि साफ हवा मधल्या नळीतून आत जाते. बन्सीनं डबा धुतला, खुणेपर्यंत ताजं तेल घातलं, आणि झाकणाचा नट सापडेना म्हणून तो धुंडाळायला शेडमागं गेला. नवशा डिझेलचा डबा आणायला घरी गेला.

आता दातिवऱ्याची एक रीत सांगायला हवी. होड्यांना इंजिनं बसायला लागली तशी इथल्या बायकांनी ठरवून टाकलं, की नवं इंजिन म्हणजे घरात आलेला नवरदेव. लग्नात नवऱ्याला तेल चढवतात, तसं इंजिनालाही चढवायचं. प्रत्येकीनं चमचाभर खोबरेल इंजिनाच्या तेलाच्या तोंडात घालायचं नि हात जोडायचे. होडीवर हे नेहमी खपून गेलं. पण गाडीचं इंजिन त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. बायका हळदकुंकू, नारळ आणि पाट घेऊन आल्या तेव्हा त्यांना उघडा डबा दिसला आणि त्याच्या तळाशी तेल दिसलं. तेल आहे म्हणजे तेलाची जागा हीच. सगळ्यांनी एकेक चमचा घातला. शेवटी जमना आली. तिनं चमचा आणलाच नव्हता. तिनं भरलेली बाटली आणली होती, आणि ती तिनं उपडी केली. इंजिन चालू दे, माझं पोर जमिनीवर राहू दे, असं ओठातल्या ओठात म्हणत शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं बाटली धरून ठेवली. अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही.

बन्सी नट घेऊन आला. आत न बघता त्यानं झाकण बसवलं नि आवळलं. बायका पाट घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. सगळा गाव गोळा झाला होता, रामाकाका होडीला टेकून उभा होता. नवशानं डिझेल टाकीत ओतलं नि तो आत बसला. त्यानं चावी फिरवली, बटण दाबलं. इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि लागलं. धडधड, धडधड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमनानं डोळे मिटून हात जोडले.

नवशानं पायाखालची पट्टी थोडी दाबली. इंजिनानं आवाज चढवला. त्यानं पाय काढला, पण आवाज उतरला नाही, चढतच गेला.

बन्सीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "वढ तार," तो म्हणाला. नवशानं तार ओढली. पार बाहेर येईपर्यंत ओढली. इंजिन थांबलं नाही. सगळी गाडी थरथरायला लागली, दोरीनं बांधलेला दरवाजा खडखडायला लागला आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघून शेड भरून गेली. बन्सीनं पाना घेऊन पंपाकडची डिझेलची नळीच सोडवली. डिझेल त्याच्या हातावर उडालं, पण इंजिन तसंच किंचाळत राहिलं, जसं काही त्याला आता डिझेल लागतच नव्हतं. "फुटंल हे!" बन्सी ओरडला. "मागं व्हा सगळे, मागं व्हा!"

माणसं पळाली. बायका पोरांना ओढत वाळूत गेल्या. बन्सी खिडकीशी येऊन ओरडून सांगत होता, वरचा गियर टाक नि क्लच सोड, इंजिन गुदमरून मरंल. नवशानं समोर पाहिलं. समोर काकाची होडी होती, होडीपाशी अजून माणसं होती, आणि या गाडीचे ब्रेक वजनदार इंजिनासह एकदाही लावून बघितलेले नव्हते. गाडीनं उडी मारली असती तर सरळ माणसांत गेली असती. त्यानं गियरला हात लावला नाही.

आणि तेवढ्यात त्याला वास आला. तो डिझेलचा नव्हता. तव्यावर मासळी तळताना येतो तसला, खोबरेलाचा. त्यानं बाहेर पाहिलं. धुराच्या पलीकडे जमना एकटीच उभी होती, हातात रिकामी बाटली घेऊन. गावातले सगळे बाप्ये मागे सरले होते आणि ही बाई जागची हलली नव्हती.

नवशाला एका क्षणात सगळं कळलं. इंजिन हवेच्या डब्यातून खोबरेल ओढत होतं. तेच त्याचं डिझेल झालं होतं. ते संपेपर्यंत ते थांबणार नव्हतं, आणि तोवर ते टिकणार नव्हतं.

तो खाली उतरला. डोलकाठीला मिठी मारली होती त्या दिवसाची ती भीती त्याच्या अगदी ओळखीची होती. पळावं असं अंगाचा कण न् कण सांगत होता. तो बॉनेटपाशी गेला. डब्यातून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी त्यानं दोन्ही हातांनी धरली नि पिरगाळून उपसली. तेलाची चिळकांडी त्याच्या छातीवर उडाली. इंजिनाचं उघडं तोंड हवा ओढत शिट्टी घालायला लागलं, आत साचलेल्या तेलावर अजून धावतच होतं. त्यानं मागे हात केला. "पाट!" तो ओरडला. "आये, पाट दे!"

पुढे यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. जमनानं वाळूत पडलेला पूजेचा पाट उचलला आणि धुरात शिरून त्याच्या हातात दिला. नवशानं तो त्या तोंडावर टेकवला, वर छाती टाकली नि सगळा भार देऊन दाबून धरला. पाट हातातून निसटू बघत होता, इंजिन खालून त्याला हिसके देत होतं. त्याला वाटलं, आता हे फुटणार आणि आपण आईच्या डोळ्यांदेखत जाणार. मग इंजिनाला एक मोठा आचका आला, दुसरा आला, गाडी पुढेमागे हलली आणि सगळं थांबलं.

इतकं शांत झालं की दर्या ऐकू यायला लागला.

बन्सीनं डबा उघडला. बोट बुडवून नाकाशी नेलं, बायकांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. कुणी काही बोलायच्या आत जमना पुढे झाली. "मी वतलं," ती म्हणाली. "बाटलीभर. बाकीच्यांनी चमचा चमचा घातलं, त्यांचा काय दोष नाय."

"दोष माजा हाय मावशी," बन्सी म्हणाला. "झाकण लावताना मी आत बघायला पायजे व्हतं." पण ते ऐकतंय कोण? मागून एक आवाज आलाच, की पोराला घरात बांधून ठेवलं, आता गाडीपण खाल्ली हिनं. जमनानं मान खाली घातली. सवयीचंच होतं तिला.

गाडी खाल्ली होती की नाही, ते अजून ठरायचं होतं. आत काही वितळून चिकटलं असेल तर इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं तर पुनवेला होडी. बन्सीनं ते निवू दिलं. मग हँडल लावलं आणि नवशाला म्हणाला, "तूच फिरव." नवशानं जोर दिला. हँडल हललं नाही. त्यानं पाय रोवून पुन्हा जोर दिला. जमना त्याच्या मनगटाकडे बघत होती. हँडल किंचित सरकलं, अडलं, आणि मग फिरलं, जड पण सारखं, पुरता एक फेरा. इंजिन वाचलं होतं.

डबा रिकामा करून पुसला, नळ्या धुतल्या, डिझेलची नळी जोडली, खुणेपर्यंत तेल घातलं. या वेळी बन्सीनं झाकण लावण्याआधी तीनदा आत वाकून पाहिलं. नवशानं बटण दाबलं तेव्हा गाव लांबच उभा होता. इंजिन लागलं. पाय दाबला, चढलं. पाय काढला, उतरलं. तार ओढली आणि ते शहाण्या पोरासारखं बंद झालं. नवशानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं येऊ दिलं.

रामाकाका गाडीपाशी आला. त्यानं दरवाजाची दोरी स्वतः सोडली, नवशाला खाली उतरवलं आणि त्याच्या तेलकट खांद्यावर हात ठेवला. काकानं असा हात ठेवल्याचं नवशाला आठवत नव्हतं.

"मी बघितलं," काका म्हणाला. "सगळे पळाले, तू नाय पळालास. असा मानूस टोपल्या वाहायला ठेवायचा काय? गाडी कोनपन चालवील, वानगावचा एक ड्रायवर माझ्या माहितीतला हाय. पुनवेला तू माझ्या होडीवर ये. सुकानावर बसवतो तुला." मग तो जमनाकडे वळला. "जमना, आतातरी सोड त्याला. किती दिवस पदराखाली ठेवशील?"

लोकांनी माना डोलावल्या. होडीचं सुकाणू धरायचा मान गावात कुणाला असा रस्त्यात मिळत नाही.  गाडी चालली होती, आणि चालली म्हणूनच नवशा होडीवर जायला निघाला होता. जमनानं पदर खोचला, नेहमीसारखी पुढे झाली आणि तोंड उघडलं. ती काय बोलणार हे गावाला पाठ होतं.

"आये, तू थांब," नवशा म्हणाला.

ती थांबली. त्याच्या डोळ्यांकडे बघून ती घाबरली आणि नको म्हणून तिनं मान हलवली. त्यानं ते पाहिलं, तरी तो बोलला.

"काका, आई मला अडवत नाय. तिनं कधीच नाय अडवलं. मला दर्याची भीती वाटते. बाबा गेला त्या दिवसापासून वाटते. ती तुमची बोलनी खात राहिली, आनि मी खाऊ दिली."

कुणी हसलं नाही. मघाशी टोमणा मारणारा वाळूकडे बघायला लागला. जमना मात्र भडकली. तिनं ती रिकामी बाटली पायाशी आपटली. "येडा काय रे तू? एवढी वर्सं मी कशाला ऐकून घेतलं? माझं काय झडत होतं? तुझं लगीन व्हायचंय अजून, कोन पोरगी देईल आता?" बोलता बोलता तिचा आवाज फुटला, ती मडगार्डला धरून उभी राहिली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. एवढ्या वर्षांत ती गावासमोर पहिल्यांदाच रडत होती.

रामाकाकाचा हात नवशाच्या खांद्यावरून खाली आला होता. तो आपल्या होडीकडे बघत राहिला.  मग तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "तुझ्या बापालापन वाटायची. त्या दिवशी सकाळी होडीत चढताना त्याचे पाय कापत होते. मी बघितलं होतं."

नवशानं मान वर करून काकाकडे पाहिलं.

"त्यानं सांगितलं असतं ना एकदा, असं तोंडानं," काका म्हणाला, "तर मी त्याला नेला नसता."

त्यानं डोळे पुसले, बन्सीला विचारलं की ही गाडी पुनवेला सफाळ्याला जाईल ना, आणि बन्सी हो म्हणाल्यावर तो नवशाला म्हणाला, "मग पयला माल तूच ने. वानगावच्याला मी सांगत नाय."